टेप ड्राइव्ह बसवताना: नागपूरच्या उन्हात आणि पावसात टिकेल असा बॅकअप

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत शिरलं. टेबलाखालचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क अशा पाण्यात सोबतच जातात. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तरी तेच होतं. संगणकाला सतत जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क त्याला दिसते, म्हणून मूळ फाइलींबरोबर तीही कुलूपबंद होते.

बॅकअपचा एक जुना नियम आहे, पीटर क्रो नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. ही दुसऱ्या जागची, कुठल्याही तारेला न जोडलेली प्रत ठेवायला चुंबकीय टेपइतकं सोयीचं साधन मला दुसरं माहीत नाही. टेप म्हटलं की लोकांना कॅसेटचा जमाना आठवतो. पण जिनेव्हाजवळची सर्न ही संशोधन संस्था आपल्या प्रयोगांचा डेटा आजही टेपवर जपते. फेब्रुवारी 2011 मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे काही जीमेल खात्यांमधली पत्रं नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. दोषाने डिस्कवरच्या सगळ्या प्रती खाल्ल्या होत्या. टेप संगणकाबाहेर होती म्हणून वाचली.

तरी टेप लिहिणारं-वाचणारं यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, विकत घेण्याआधी स्वतःचा हिशोब करा. नवा ड्राइव्ह लाखांत जातो आणि एकेक कार्ट्रिज, म्हणजे टेप असलेलं बंद खोकं, काही हजारांत मिळते. त्यामुळे डेटा थोडा असेल तर टेप महाग पडते आणि खूप असेल तर स्वस्त. सी.ए.च्या कार्यालयात टॅलीचा डेटा, विवरणपत्रं आणि पीडीएफ मिळून दोनशे-तीनशे गिगाबाइट होत असतील, तर टेपच्या नादी लागू नका. आलटूनपालटून वापरायच्या दोन-तीन बाहेरच्या हार्ड डिस्क आणि त्यातली एक कायम घरी, एवढ्यात काम भागतं. पण लग्नाचं चित्रीकरण करणारा स्टुडिओ, रामदासपेठ-धंतोलीतलं सीटी-एमआरआय करणारं केंद्र, ड्रोनने जमिनीची मोजणी करणारी संस्था यांच्याकडे वर्षाला दहा-वीस टेराबाइट साचतात, आणि ते वर्षानुवर्षं ठेवावे लागतात. त्यांच्यासाठी हा लेख.

आज बाजारात टेप म्हणजे जवळपास एलटीओच. एचपी, आयबीएम आणि सीगेट या कंपन्यांनी मिळून हे खुलं मानक तयार केलं आणि 2000 साली पहिली पिढी आली. तिच्या एका कार्ट्रिजमध्ये 100 गिगाबाइट मावायचे. पुढे 2012 च्या एलटीओ-6 मध्ये 2.5 टेराबाइट, 2015 च्या एलटीओ-7 मध्ये 6, 2017 च्या एलटीओ-8 मध्ये 12 आणि 2021 च्या एलटीओ-9 मध्ये 18 टेराबाइट मावू लागले. कार्ट्रिजच्या वेष्टनावर मात्र याच्या अडीचपट आकडा ठळक छापलेला असतो. तो डेटा दाबून बसवला तर किती मावेल याचा अंदाज आहे. व्हिडिओ, जेपीजी फोटो किंवा झिप फाइली आधीच दाबलेल्या असतात, त्या आणखी दबत नाहीत. तुमचा डेटा तसा असेल तर वेष्टनावरचा लहान आकडाच खरा मानून कार्ट्रिज मोजा.

आत काय चालतं ते पाहिलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. कार्ट्रिजमध्ये अर्धा इंच रुंदीची टेप एकाच रिळावर गुंडाळलेली असते. एलटीओ-8 मध्ये तिची लांबी 960 मीटर असते. टेपच्या टोकाला धातूची बारीक पिन असते. कार्ट्रिज आत गेली की ड्राइव्ह ती पिन पकडून टेप बाहेर ओढतो आणि स्वतःच्या आतल्या दुसऱ्या रिळावर गुंडाळत नेतो. लिहिणारं डोकं एका वेळी 32 बारीक पट्ट्या लिहितं. टेप शेवटापर्यंत पोचली की डोकं किंचित सरकतं आणि टेप उलट दिशेने धावू लागते. शेतात नांगर एका टोकाला पोचून वळतो आणि शेजारच्या तासाने परत येतो, तसं हे चालतं. एलटीओ-8 ची पूर्ण कार्ट्रिज भरायला अशा 208 फेऱ्या होतात, म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर टेप डोक्यासमोरून जाते. नागपूरहून निघालेला माणूस तेवढ्यात अमरावती मागे टाकून पुढे गेलेला असेल.

यावरून टेपचे दोन स्वभाव लक्षात येतात. ती सलग लिहिते, सलग वाचते. मधली एक फाइल हवी असेल तर तिथवर टेप फिरवावी लागते आणि त्यात मिनिटभर सहज जातं. आणि मध्येच काही बदलता येत नाही. टेपच्या मधोमध नवं काही लिहिलं, की त्यापुढचा सगळा जुना डेटा हाताशी राहत नाही. लिहायचं ते शेवटी जोडायचं, नाहीतर पहिल्यापासून नव्याने.

कोणती पिढी घ्यावी हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारतात. एलटीओ-7 पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचायचे आणि एक पिढी मागच्या टेपवर लिहायचे. एलटीओ-8 ने हे बदललं: तो फक्त 7 आणि 8 वाचतो-लिहितो. एलटीओ-9 फक्त 8 आणि 9. 2025 मध्ये आलेली एलटीओ-10 तर मागची कुठलीच टेप वाचत नाही. म्हणून कुणी जुना एलटीओ-5 ड्राइव्ह स्वस्तात देत असेल तर आधी स्वतःला विचारा, हा बंद पडला तर या टेप कशावर वाचणार? त्यांना एलटीओ-5, 6 किंवा 7 चाच ड्राइव्ह लागेल आणि तो दर वर्षी दुर्मिळ होत जाणार. माझं मत विचाराल तर लहान व्यवसायाने आज एलटीओ-8 घ्यावा. त्याच्या टेप एलटीओ-9 च्या ड्राइव्हवरही चालतात, म्हणजे पुढची एक वाट उघडी राहते. वापरलेला ड्राइव्ह घ्यायचाच असेल तर आयबीएम, एचपीई आणि क्वांटम या कंपन्या तपासणीचं सॉफ्टवेअर फुकट देतात. ते चालवून ड्राइव्हच्या डोक्याची अवस्था आणि चुकांची नोंद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता बसवणं. संगणकाच्या पेटीत बसणारा आणि स्वतंत्र पेटीतला, असे दोन प्रकार मिळतात. संगणकाच्या पेटीत बसवलेला ड्राइव्ह थोडा स्वस्त पडतो, पण त्याला भरपूर हवा लागते. तो समोरून हवा घेतो आणि स्वतःही चांगलाच तापतो. नागपूरच्या मे महिन्यात साध्या डेस्कटॉपच्या पेटीत त्याला कोंडणं मला पटत नाही. स्वतंत्र पेटीचा, स्वतःचा पंखा आणि स्वतःचा वीजपुरवठा असलेला ड्राइव्ह घ्या. तो उचलून दुसऱ्या संगणकालाही जोडता येतो.

हा ड्राइव्ह सहसा यूएसबीने जोडला जात नाही. त्याला एसएएस नावाचं कार्ड लागतं, जे मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसतं. दुकानात बहुतेक वेळा रेड (RAID) कार्ड पुढे केलं जातं, कारण सर्व्हरसाठी तेच जास्त खपतं. ते नको. रेड कार्ड डिस्कांचा गट करण्यासाठी असतं आणि अनेक रेड कार्डांना टेप ओळखताच येत नाही. साधं एचबीए, म्हणजे ड्राइव्ह थेट संगणकाला जोडणारं कार्ड, मागा. केबल मागतानाही कार्ड आणि ड्राइव्ह या दोघांच्या मागच्या जोडणीचा फोटो जवळ ठेवा. बाहेरच्या एसएएस केबलची टोकं दोन प्रकारची असतात आणि ती एकमेकांत बसत नाहीत.

जोडताना संगणक पूर्ण बंद करून वायर काढा. कार्ड खाचेत दोन्ही बाजूंनी सारखं दाबून बसवा, स्क्रू लावा, केबलचा खटका वाजेपर्यंत ती आत ढकला. ड्राइव्ह आणि संगणक दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवा. आधी ड्राइव्ह चालू करा, त्याची सुरुवातीची तपासणी होऊन दिवे स्थिर झाले की मग संगणक चालू करा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये टेप ड्राइव्हचा वेगळा गट दिसायला हवा. नसेल तर ड्राइव्हच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीच असतो. ड्राइव्ह दिसला म्हणून लगेच खरा डेटा लिहायला घेऊ नका. एक कोरी कार्ट्रिज घालून कंपनीच्या त्याच तपासणी सॉफ्टवेअरने लिहिण्या-वाचण्याची पूर्ण चाचणी करा. एलटीओ-9 घेतला असेल तर नवी कोरी कार्ट्रिज पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची स्वतः जुळणी करतो. त्याला कधी पाऊण तास लागतो, कधी दोन तासही. अडकला समजून मध्येच वीज बंद करू नका.

बहुतेक ठिकाणी यानंतरच्या टप्प्यावर तक्रार सुरू होते: ड्राइव्ह नवा, महागडा, पण बॅकअप रात्रभर संपत नाही आणि आतून घुर्र-घुर्र आवाज येत राहतो. दोष ड्राइव्हचा नसतो. एलटीओ-8 चा लहान उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला 300 मेगाबाइट लिहू शकतो. त्या वेगाने 12 टेराबाइट भरायला सुमारे अकरा तास लागतात. पण तेवढा डेटा त्याला मिळायला हवा. डेटा हळू आला तर ड्राइव्ह आपला वेग कमी करून जुळवून घेतो, पण सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास त्याची खालची मर्यादा येते. त्याच्याही खाली गेलं की टेप थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा वेग घेते, पुन्हा लिहिते. हे तासन् तास चाललं की वेळ तर जातोच, शिवाय टेप आणि डोकं दोन्ही झिजतात. साध्या गिगाबिट नेटवर्कवरून कितीही ओढलं तरी सेकंदाला शंभर-एकशेदहाच मेगाबाइट येतात, म्हणजे ड्राइव्ह सतत त्या काठावर राहतो. एक्स-रे आणि स्कॅनच्या लाखो बारीक फाइली असतील तर डिस्कचा वेग त्याहूनही पुष्कळ खाली जातो.

उपाय सोपा आहे. बॅकअपच्या संगणकात एक मोठी एसएसडी ठेवा, नेटवर्कवरचा डेटा आधी तिच्यावर उतरवा, बारीक फाइलींचे मोठे गठ्ठे बांधा, आणि मग एसएसडीवरून टेपवर सलग लिहा. नवा ड्राइव्ह घेतानाच या एसएसडीचे पैसे हिशोबात धरा. माझ्या मते ड्राइव्हइतकीच ती गरजेची आहे.

लिहिण्यासाठी सॉफ्टवेअर कोणतं? विंडोज सर्व्हरच्या स्वतःच्या बॅकअपमधून टेपची सोय 2008 च्या आवृत्तीपासूनच काढून टाकली आहे, त्यामुळे विंडोजवर वेगळं सॉफ्टवेअर लागतंच. व्हीम हे पैसे देऊन घ्यायचं, बॅक्युला आणि बॅरिओस ही खुली. कोणत्या टेपवर कोणती फाइल आहे याची यादी ही सॉफ्टवेअर स्वतः ठेवतात. ती यादी त्याच संगणकावर पडून राहू देऊ नका. तिची प्रतही बाहेर न्या.

दुसरा मार्ग एलटीएफएसचा. 2010 मध्ये एलटीओ-5 बरोबर तो आला. त्यात टेपचे दोन भाग होतात, एकात फाइलींची यादी आणि दुसऱ्यात फाइली, आणि ती कार्ट्रिज संगणकावर पेन ड्राइव्हसारखी दिसते. स्टुडिओवाल्यांना मी हाच सुचवतो. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणालाही, तुमचं सॉफ्टवेअर नसताना, ती टेप उघडता येते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. ती मिळवायला पूर्ण टेप नव्याने फॉरमॅट करावी लागते. आणि कार्ट्रिज काढण्याआधी ती संगणकातून रीतसर अनमाउंट करा, म्हणजे सुरक्षितपणे बाहेर काढण्याची आज्ञा द्या, कारण शेवटची यादी तेव्हाच टेपवर लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर ती यादी अर्धवट राहते आणि दुरुस्तीचं साधन चालवावं लागतं. यूपीएस त्यासाठीच.

लिनक्सवर टार (tar, फाइलींचा गठ्ठा बांधणारी आज्ञा) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. एकाच ड्राइव्हची तिथे दोन नावं दिसतात, एसटी-शून्य (st0) आणि एनएसटी-शून्य (nst0). पहिल्या नावाने लिहिलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. म्हणजे सोमवारचा बॅकअप त्या नावाने झाला आणि मंगळवारचाही त्याच नावाने त्याच टेपवर केला, तर मंगळवारचा सोमवारच्या डोक्यावर लिहिला जातो आणि पडद्यावर एकही चूक दिसत नाही. एकामागोमाग एक बॅकअप जोडायचे असतील तर नेहमी दुसरं नाव. टारचा मूळ ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, 10 किलोबाइटचा असतो, टेपसाठी तो फार लहान आहे. 256 किलोबाइट किंवा अधिक ठेवा, आणि कितीचा ठेवला ते कार्ट्रिजच्या डबीवर लिहून ठेवा, कारण वाचताना तोच द्यावा लागतो.

आता आपल्या शहराचा विषय. टेप लिहून झाल्यावर वर्षानुवर्षं ठेवायची तर तिला 16 ते 25 अंश तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. अशी जागा मिळाली तर कार्ट्रिज तीस वर्षं टिकावी अशी तिची बांधणी असते. नवतपात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो आणि गच्चीखालची खोली रात्रीही निवत नाही. त्या खोलीत टेपचं कपाट नको. त्याहून महत्त्वाचं, कूलरच्या खोलीत नको. आपल्याकडे कार्यालयं उन्हाळाभर कूलरवर चालतात, आणि कूलर खोली थंड करतो ती हवेत पाणी मिसळून. माणसांना ते छान वाटतं. ड्राइव्ह मात्र समोरच्या फटीतून तीच ओली, धुळीची हवा ओढत राहतो. ड्राइव्ह आणि टेप एसी असलेल्या लहान खोलीत ठेवा, जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीवर. शहरात सिमेंटच्या रस्त्यांची आणि उड्डाणपुलांची कामं सतत चालू असतात. रस्त्याकडची खिडकी बंदच असू द्या.

पावसाळ्यात कार्ट्रिज प्लास्टिकच्या मूळ डबीत, डब्या झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डब्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. मे महिन्यात भर दुपारी कार्ट्रिज गाडीच्या डिकीत ठेवून वर्धा रोडवर कामं उरकत फिरू नका. बाहेरून आणलेली टेप नव्या खोलीत दिवसभर राहू द्या, मगच ड्राइव्हमध्ये घाला. हातातून पडलेली कार्ट्रिज तर थेट घालूच नका. आधी तिच्या कोपऱ्यातली झडप हळूच सरकवून टोकाची पिन जागेवर आहे का ते बघा. पिन निसटलेली कार्ट्रिज आत गेली तर ड्राइव्हच अडकून बसतो.

साफसफाईची कार्ट्रिज वेगळी मिळते, साधारण 50 वेळा वापरता येते. ड्राइव्हवरचा साफसफाईचा दिवा लागला तरच वापरा. दर आठवड्याला हौसेने घासली तर डोकं उगाच झिजतं. लेबल चिकटवायची खोलगट जागा कार्ट्रिजवर ठरलेली आहे, तिथेच चिकटवा. भलतीकडे लावलेला कागद आत सुटला तर ड्राइव्ह अडकतो. आणि टेप पुसायला चुंबक फिरवू नका. कारखान्यातच टेपवर दिशादर्शक खुणा लिहिलेल्या असतात, डोकं त्यांच्या आधाराने चालतं. त्या पुसल्या गेल्या की ती टेप कायमची निकामी.

कार्ट्रिज किती ठेवायच्या? सोमवार ते गुरुवार रोजची एक, शुक्रवारची आठवड्याची, महिन्याच्या शेवटची वेगळी, अशी जुनी पद्धत आहे. रोजच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरायच्या, आठवड्याच्या पुढच्या महिन्यात, महिन्याच्या मात्र जपून ठेवायच्या. जपायच्या टेपच्या कोपऱ्यातली लाल खिटी सरकवली की तिच्यावर पुन्हा लिहिता येत नाही. महिन्याची टेप दुसऱ्या जागी न्यायची, आणि ती दुसरी जागा नीट निवडायची. कार्यालय अंबाझरीखालच्या वस्तीत आणि घर नाग नदीच्याच काठावर असेल, तर एकच पाणी दोन्हीकडे येईल. वरच्या मजल्यावरचं घर, दूरच्या भागातला नातेवाईक किंवा बँकेचा लॉकर, यापैकी एक ठरवा.

एलटीओ-4 पासून ड्राइव्ह स्वतःच डेटा कूटबद्ध करू शकतो. रुग्णांच्या तपासण्या किंवा अशिलांची कागदपत्रं असतील तर ही सोय जरूर वापरा, म्हणजे टेप वाटेत हरवली तरी कुणाला वाचता येणार नाही. पण किल्ली, म्हणजे तो डेटा उघडणारा संकेत, हरवली तर तुम्हालाही वाचता येणार नाही, आणि मग ती कुठलीही कंपनी उघडून देऊ शकत नाही. किल्लीची छापील प्रत पाकिटात बंद करून टेपपासून वेगळ्या जागी ठेवा.

ड्राइव्ह लिहिता लिहिता स्वतःच वाचून पडताळतो, त्यामुळे टेपवर लिहिलं गेलं याची खात्री असते. पण योग्य फोल्डर घेतलं गेलं का, यादी जुळते का, किल्ली चालते का, हे तो सांगू शकत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी बाहेरची एक टेप आणा, डेटाचा एखादा फोल्डर वेगळ्या संगणकावर परत उतरवा आणि त्यातल्या फाइली उघडून बघा. हे काम बॅकअप घेणाऱ्याने करू नये, कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. बॅकअप घेणारा सुटीवर असतानाच डेटा परत लागला तर काय करायचं, हे दुसऱ्याच्या हातून झालेल्या चाचणीतच कळतं. अडलेली प्रत्येक गोष्ट एका वहीत लिहा: ड्राइव्ह कोणत्या पिढीचा, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, ब्लॉक कितीचा, किल्ली कुठे. त्या वहीची झेरॉक्स टेपच्या पेटीत घाला.

आणि पिढ्यांवर नजर ठेवा. कार्ट्रिज तीस वर्षं टिकली तरी ती वाचणारा ड्राइव्ह तोवर बाजारात असेल असं नाही. दोन पिढ्या पुढे गेल्या की जुन्या टेपवरचा डेटा नव्या टेपवर उतरवण्याचं काम वर्षाच्या अंदाजपत्रकात धरा, आणि ते पूर्ण होऊन पडताळेपर्यंत जुना ड्राइव्ह भंगारात देऊ नका.